बोटांना कळलेलं कुलूप

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असायची. दोघं एकदम हजर असल्याशिवाय ते दार उघडत नसे. त्यामुळे कुलूप या वस्तूबद्दल मला देवाखालोखाल आदर आहे. आणि माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझीच बायको किल्लीवाचून कुलूप उघडायला बसलेली पाहिली, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय चालवलंयस, कस्तुरी?"

"शिकालेय."

"काय, घरफोडी?"

"होय की. तुमच्या बँकेपासनंच सुरुवात करते. तुमची पेन्शन तेवढी सोडून देते."

दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून घालून माझ्या बायकोचं स्वतःचं तोंड फार चालायला लागलंय. कस्तुरी दातांची डॉक्टर. ती बेळगावातल्या शहापूरची, मी निपाणीचा. लग्नानंतर बेंगळुरात आलो ते इथलेच झालो. जयनगरात खाली तिचा दवाखाना, वर आमचं घर. रूट कॅनॉल हा तिचा हातखंडा. ती म्हणायची, दाताच्या मुळातली वाट केसाएवढी, अंधारी आणि वाकडी; तिथं डोळ्यांचा काही उपयोग नाही. सुई आत सोडायची आणि बोटाला काय कळतंय त्यावर भरवसा ठेवायचा. लांबलांबून पेशंट यायचे ते तिच्या त्या बोटांसाठी.

मागच्या वर्षी तिला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि शेवटी रिपोर्ट स्वच्छ आले. त्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये मी लहान मुलासारखा रडलो. पण त्या औषधानं तिच्या बोटांच्या शेंड्यांतली जाणीव नेली. साडीच्या निऱ्या हातातून सुटायच्या. पर्समध्ये हात घातल्यावर हाताला लागलं ते नाणं की बटण, हे बाहेर काढून बघितल्याशिवाय समजायचं नाही. ती म्हणायची, चोवीस तास कुणीतरी जाड हातमोजे घालून ठेवल्यासारखं वाटतंय. डॉक्टरांनी सांगितलं, नसा सावकाश भरून येतात. कुणाच्या येतात, कुणाच्या येत नाहीत. बोटांना बारीक काम देत राहा, एवढंच आपल्या हातात.

"बोटाला कळत नसताना मी कुणाच्या तोंडात हात घालणार नाही," कस्तुरीनं मला सांगितलं. "दसऱ्यापर्यंत बघू. नाही तर पाटीवरचं माझं नाव काढून यशोवर्धनचं घालू."

यशोवर्धन हा तिच्या हाताखाली तयार झालेला डॉक्टर, आता तोच दवाखाना सांभाळत होता. गुणी माणूस, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण कस्तुरी हे अगदी शांतपणे बोलली, आणि मी त्यानंच घाबरलो. ती चिडलेली असली की मला बरं वाटतं. शांत झाली की समजावं, आतून काहीतरी सोडून दिलंय.

कुलपांचं खूळ तिच्या डोक्यात भरवलं श्वेतानं. ही नागपूरची, सर्जापूर रोडवर राहते, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि कस्तुरीची जुनी पेशंट. या पोरीचा छंद काय, तर किल्लीशिवाय कुलपं उघडणं. तिच्यासारखे आणखी बरेच आहेत म्हणे. रविवारी जमतात, चहा पितात आणि एकमेकांची कुलपं उघडतात. आमच्या वेळी लोक पोस्टाची तिकिटं जमवायचे.

"काका, आमचे रूल्स एकदम स्ट्रिक्ट असतात हं," माझा चेहरा बघून श्वेता म्हणाली होती. "कुलूप स्वतःचंच पाहिजे, नाही तर मालकाची परमिशन पाहिजे. आणि जे लॉक रोज वापरात आहे, दाराचं वगैरे, त्याला टच पण नाही करायचं. आणि डॉक्टर, तुम्ही तर ट्राय कराच. आत काय चाललंय ते दिसतच नाही, सगळं फीलवर असते."

हे शेवटचं वाक्य कस्तुरीला लागलं. त्याच संध्याकाळी तिनं दवाखान्यातलं जुनं कुलूप वर आणलं.

आता नवशिक्यानं हत्यार विकत घ्यावं की नाही? कस्तुरीनं घेतलं नाही. तिचं म्हणणं, बारीक, वाकड्या, पोलादी सळ्यांनी माझा ट्रे भरलाय, त्यांच्यापुढं या पोरांच्या पट्ट्या काय चीज आहेत? दात तपासायची टोकदार सळई, तिला ते प्रोब म्हणतात, ती तिनं कुलपात घातली आणि कामाला लागली. तासाभरानं प्रोबचं टोक कुलपात राहिलं आणि दांडा हातात आला. त्या कुलपात नंतर किल्लीही जाईना. दुसरा प्रोब घेतला, तो पिळवटून सापासारखा झाला.

श्वेतानं ते बघून कपाळाला हात लावला. "डॉक्टर, हे टोचायला बनवलंय. लॉकमध्ये टोचायचं नसते, उचलायचं असते. गोल सळई आत फिरते, चपटी पट्टी फिरत नाही."

आपल्या हत्यारांचा असा पाणउतारा कस्तुरीला सहन होणं शक्य नव्हतं. ती गप्प बसली. आणि ती गप्प बसली म्हणून मी, कुलपांचा एवढा भक्त, ऑनलाइन जाऊन तिच्यासाठी हत्यारं शोधायला लागलो. माणूस बायकोपायी काय काय करतो.

वस्तू आणायची तर पुरी आणावी, हा आमच्या घराण्याचा नियम. मी सगळ्यात मोठा संच मागवला. चामड्याच्या पाकिटात ओळीनं खोचलेल्या पट्ट्या: कुणी आकड्याची, कुणी करवतीसारखी, कुणी नागमोडी, एकीला तर दोन डोकी. सगळ्यांना जाड, मऊ रबराच्या मुठी, कारण कस्तुरीची बोटं दुखायची. वर एक पारदर्शक कुलूप फुकट.

श्वेता आली, पाकीट उघडलं आणि त्यातून तिनं दोन पट्ट्या काढल्या. एक शेंड्याला जराशी वर वळलेली, तिला ती हुक म्हणाली. दुसरी काटकोनात वाकवलेली, कुलूप वळवायला. बाकीचं पाकीट मिटून तिनं माझ्याकडे दिलं.

"हे शोकेसमध्ये ठेवा काका."

"सगळं?"

"बिगिनरला एवढंच लागते. बाकीच्यांनी माणूस कन्फ्यूज होते फक्त."

मला राग आला होता. पण मग तिनं ते पारदर्शक कुलूप टेबलावर उजेडात ठेवलं आणि आत बोट दाखवलं, आणि माझा राग कुठं गेला ते मला समजलं नाही.

जन्मभर मी कुलपं लावली आणि काढली, पण कुलपाच्या पोटात काय असतं ते कधी बघितलं नव्हतं. आत बारक्या पितळी पिना रांगेत उभ्या होत्या. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे, वर एक नाजूक स्प्रिंग. किल्ली आत गेली की तिचे दात त्या पिनांना वर उचलतात, प्रत्येकीला वेगळ्या उंचीवर, आणि सगळ्यांचे सांधे एका रेषेत आले, अगदी एका रेषेत, की मगच ती नळी फिरते. एक जरी केसभर वर किंवा खाली राहिली तरी नाही. मी किल्ली घातली, काढली. परत घातली. एवढीशी ती वस्तू, तिच्यात माणसाच्या डोक्यानं किती विचार भरून ठेवलाय! मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी मला त्या कुलपाला हात जोडावेसे वाटले.

"आता गंमत बघा," श्वेता म्हणाली. "बनवताना प्रत्येक पिनेचं भोक कणभर इकडे तिकडे होतेच. परफेक्ट काहीच नसते. म्हणून ही पट्टी हलकी वळवून धरली, की सगळ्या पिना एकदम नाही अडकत. एकच अडकते. तिला शोधायचं, हुकनी उचलायचं. ती बरोबर उंचीवर गेली की खुट् होते आणि कुलूप इत्तुसं फिरते. मग दुसरी अडकते. एकेक करून."

कस्तुरी त्या कुलपाकडे एकटक बघत होती. "म्हणजे कुठली ते कुलपानंच सांगायचं," ती हळूच म्हणाली, "आणि आपण ऐकायचं."

दोन-चार दिवसांत तिनं ते कुलूप उघडलं. मी खाली जाऊन यशोवर्धनला सांगितलं, रिसेप्शनवरच्या धनलक्ष्मीला सांगितलं, वसाहतीच्या सेक्रेटरीलाही सांगायला निघालो होतो. संध्याकाळी श्वेतानं कस्तुरीच्या हातावर, कुलपासकट, रुमाल टाकला.

"आता उघडा."

कस्तुरीचे हात थांबले. खूप वेळ ती रुमालाखाली चाचपडत राहिली आणि मग तिनं रुमाल काढून टाकला. इतके दिवस तिची बोटं काम करत नव्हती, डोळेच करत होते. पिना दिसत होत्या म्हणून ती उचलत होती. "एवढी मोठी डॉक्टर मी, आणि स्वतःलाच फसवलं बघा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मला वाटलं, चूक त्या खेळण्यातल्या कुलपाची आहे. खऱ्या कुलपाची सर त्याला कुठली? दुसऱ्याच दिवशी मी जयनगरच्या बाजारात गेलो. दुकानदार महांतेश माझ्या ओळखीचा. त्याला म्हटलं, "अण्णा, उत्तम कुलूप दे." त्यानं विचारलं, किती लिव्हरचं? आपल्याकडे कुलूप घेताना हाच प्रश्न विचारायची रीत आहे. आमच्या वडिलांनीही पाच लिव्हर की सात, एवढंच बघितलं. मी सात लिव्हरचं, भरभक्कम, हातात घेतलं की वजन जाणवणारं कुलूप घेतलं आणि कस्तुरीपुढं ठेवलं.

"हे उघडलंस तर मी मानलं."

तिनं ते घेतलं. श्रावण गेला, गणपती येऊन गेले, पितृपंधरवडा लागला. ती रोज ते कुलूप घेऊन खिडकीशी बसायची. हुक आत घालायची, डोळे मिटायची, आणि तिच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. "काय लागतंय का?" मी विचारायचो. "काहीच नाही," ती म्हणायची. मग काही दिवसांनी मी विचारायचं सोडलं. घट बसले त्या दिवशी तिनं कुलूप टेबलावर ठेवलं आणि यशोवर्धनला फोन केला. "पाटीवाल्या पेंटरला दसऱ्याला दुपारी बोलावून ठेव."

एवढंच बोलली आणि भाजी निवडायला बसली. अगदी शांत. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

श्वेताला कामातून सवड मिळाली ती नवरात्रातच. ती आली, टेबलावरचं ते कुलूप तिनं उचललं, किल्लीच्या भोकात नजर टाकली आणि कस्तुरीकडे बघितलं.

"इतके दिवस तुम्ही ह्याच्यावर बसल्या होत्या?"

"होय. काय झालं?"

"हे लिव्हर लॉक आहे, डॉक्टर! ह्याच्यात पिनाच नसतात. आत पत्र्याच्या पट्ट्या असतात एकावर एक, मेकॅनिझमच वेगळं. ह्याला टूल्स पण वेगळी लागते. तुमच्या हुकनी हे जन्मात नाही उघडणार. मला पण येत नाही." मग तिनं विचारलं, "कोणी आणलं हे?"

कस्तुरीनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. जिथं पिनाच नव्हत्या तिथं ती बिचारी रोज पिना शोधत होती आणि सापडत नाहीत म्हणून आपल्या बोटांना दोष देत होती. जिचं भलं करायला निघालो होतो तिचीच उमेद मी माझ्या सात लिव्हरनी मोडली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आणि ही रबराची मूठ कोणी चूज केली?" श्वेताचं संपलं नव्हतं.

"त्यांनीच," कस्तुरी म्हणाली. "माझी बोटं दुखतात म्हणून." आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "सोड गं. जीव लावणारा माणूस असंच काहीतरी करून ठेवतोय."

श्वेतानं स्वतःच्या पिशवीतून एक कापडी गुंडाळी काढली. तिच्यात वेगवेगळे हुक होते, काही जाड पट्टीचे, काही पातळ, काहींच्या मुठी प्लास्टिकच्या, काही नुसत्याच पोलादाच्या. तिनं कस्तुरीला डोळे मिटायला लावले आणि एकेक तिच्या हातात दिला.

"टेबलावर टेकवून हळू ओढा. ज्याच्यातून तुम्हाला लाकूड कळेल, तो तुमचा. बघायला कसा आहे, कोणत्या कंपनीचा आहे, काही नाही."

पहिला हुक कस्तुरीनं ओढला आणि मान हलवली. दुसरा तसाच. रबराच्या मुठीचा माझा तर तिनं लगेच खाली ठेवला. मग एक नुसत्या पोलादाचा, मुठीवर काहीच नसलेला, पातळ, शेंडा थोडासाच वळलेला. तो टेबलावरून ओढताना तिचा हात थांबला. तिनं तो मागे नेला, परत पुढे ओढला.

"लांब आहे," ती म्हणाली. "खूप लांब. पण काहीतरी खरखरतंय."

"कुठं?" मी विचारलं.

"बोटाच्या शेंड्याला नाही. इथं." तिनं बोटाच्या दुसऱ्या पेराला हात लावला. "शेंडे मेलेत, पण त्यांच्या मागच्याला अजून कळतंय. रबरानं ते सगळं गिळून टाकलं होतं."

मी तो हुक हातात घेऊन बघितला. एवढीशी पट्टी, कुणी रस्त्यावर टाकली तर उचलू नये अशी. ती टेबलाच्या लाकडातलं काहीतरी उचलत होती आणि माझ्या बायकोपर्यंत पोचवत होती. श्वेतानं तो हुक तिलाच दिला, सोबत पिनांचं एक साधं, लहान पितळी कुलूप दिलं, आणि ती गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. इथले लोक आयुधपूजा म्हणतात. दवाखान्याच्या खुर्चीला केळीचा खांब बांधला, मशिनला झेंडूच्या माळा घातल्या. पाटावर कस्तुरीचे आरसे, प्रोब, चिमटे, सुया मांडल्या. शेजारी वरच्या घरातली विळी, कात्री, माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा. एकदा कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ती विश्रांती घेतात. कस्तुरीनं सगळ्यात शेवटी तो हुक आणि वळवायची पट्टी पाटावर ठेवायला आणली.

"ते नाही ठेवायचं," मी म्हणालो.

"का?"

"चोरांची हत्यारं देवापुढं ठेवायची नाहीत."

"कुलूप माझं, हत्यार माझं. चोरी कसली त्यात?"

"वाद घालू नकोस. मी बँकेतला माणूस आहे."

यशोवर्धन आरतीचं तबक घेऊन उभा होता. तो माझ्याकडे बघेना आणि तिच्याकडेही बघेना. कस्तुरीनं हुक मुठीत घट्ट धरला. "ठीक," ती म्हणाली. "तुमच्या देवाला नको तर नको." आरती झाली. मी प्रसाद वाटला. मग बघतो तर ती पेशंट बसायच्या बाकावर जाऊन बसलेली, मांडीवर ते पितळी कुलूप. सगळ्या घरादारात वापरायला मोकळं असं तेवढं एकच हत्यार राहिलं होतं, आणि रागानं ती तेच घेऊन बसली होती.

मी जरा लांब उभा राहिलो. जवळ जायची हिंमत नव्हती.

तिनं डोळे मिटले होते. डाव्या हातानं पट्टी अगदी हलकी धरली होती, इतकी हलकी की धरलीय की नाही असं वाटावं. उजव्या हातात हुक. तिचे ओठ हलत होते. "ही सैल. हीपण सैल. ही..." ती थांबली. "ही अडकलीय. तिसरी."

मग बराच वेळ काही नाही.

"गेली," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"तिसरी. वर बसली. कुलूप कणभर फिरलं."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं, काहीच दिसलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. एवढी आस लावून बसलेलं माणूस, त्याला भासही होऊ शकतो. मी काही बोललो नाही, पण ती माझं मौनसुद्धा ओळखते.

"इकडं या. बसा. हात आणा."

तिनं हुक माझ्या उजव्या हातात दिला, पट्टी डाव्या हातात, आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "ढकलू नका. तुम्ही स्ट्राँगरूमचं दार लोटल्यासारखं करालाय. स्वल्प सैल सोडा. होय, असं."

मी हुक हलवला. माझी बोटं धडधाकट, कुठलं औषध नाही, कुठला आजार नाही. मला लोखंडावर लोखंड लागल्याशिवाय दुसरं काही समजेना.

"पुढं चला. अजून. ही सैल आहे, सोडा. ही चौथी. आता उचला. हळू. अजून हळू..." तिची बोटं माझ्या बोटांवर होती, त्यांच्यात नि हुकात माझ्या बोटांची कातडी होती, माझी हाडं होती. "थांबा," ती म्हणाली. "आता जाणार. बघा, आत्ता."

आणि ते गेलं. काहीतरी नसल्यासारखंच, मुंगीनं पाय उचलून ठेवावा एवढंसं. ते मला समजायच्या आधी तिला समजलं होतं, माझ्या हातातून. मी तिच्याकडे बघत राहिलो. जी बोटं मेली म्हणून आम्ही वर्षभर रडलो, ती माझ्या जिवंत बोटांच्या आरपार ऐकत होती. देवळात कधी मला असं झालं नाही. तिनं माझे हात घट्ट धरले, राहिलेल्या पिना आम्ही दोघांनी एकेक करून उचलल्या, आणि कुलपाची कडी टपकन वर उडाली.

यशोवर्धन धावत आला. कस्तुरीनं उघडं कुलूप त्याला दाखवलं. ती उठून पाटाजवळ गेली, कुंकू लावलेल्या प्रोबकडे हात नेला आणि मागे घेतला.

"मॅडम, खणात नवीन आहे. पॅकिंगसकट," यशोवर्धन म्हणाला.

"नको. हत्यारं विश्रांतीला बसलीत. उद्या बघू."

नियमाचं तिनं निमित्त केलं, हे मला उमगलं. कुलूप वेगळं आणि माणसाचं तोंड वेगळं. पितळात जे कळलं ते दातात कळलं नाही तर? ते उत्तर तिला एक दिवस लांब ठेवायचं होतं. मी कुंकवाचा करंडा घेतला, त्या हुकाला बोट लावलं आणि तो पाटावर ठेवून दिला. तिनं बघितलं. टोमणा मारायची एवढी आयती संधी, पण मारला नाही.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उचलली. तिनं प्रोब उकळत्या वाफेच्या मशिनमधून काढला, हातमोजे घातले आणि मला म्हणाली, "बसा खुर्चीत."

"यशोवर्धनला बसव की."

"त्याचे दात चांगले आहेत. त्यातनं मला काय कळणार? तुमचेच बरे. बसा."

मी बसलो. तिनं वरचा दिवा लावलाच नाही. तोंड उघडायला सांगितलं आणि स्वतःचे डोळे मिटले. प्रोब दातावर टेकला. माझ्या कवटीत त्याचा बारीक आवाज घुमायला लागला. ती एकेका दातावरून जात होती, थांबत नव्हती, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. समोरचे दात झाले. उजवीकडच्या दाढा सुरू झाल्या. मी मनात म्हणत होतो, देवा, हिला काहीतरी सापडू दे. माझ्या तोंडात जी काय घाण असेल ती सापडू दे.

सगळ्यात मागच्या दाढेवर प्रोब थांबला. मागे गेला, परत आला. अगदी तिथंच थांबला.

"इथं भरावाची कड सुटलीय," ती डोळे न उघडता म्हणाली. "मागच्या बाजूनं. खाली पोकळ लागतंय."

यशोवर्धननं दिवा लावला, आरसा घालून निरखून बघितलं. "काही दिसत नाही, मॅडम. भराव चांगला आहे."

"एक्सरे काढ."

मला त्या दाढेचा कधी त्रास झाला नव्हता. ती भरून घेतली होती हेसुद्धा मी विसरलो होतो. यशोवर्धननं एक्सरे काढला आणि स्क्रीनवर लावला. जुन्या भरावाच्या पांढऱ्या ठिपक्याखाली, बरोबर मागच्या बाजूला, एक काळी सावली होती. आत खोलवर गेलेली.

मग यशोवर्धननं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि पेंटरला म्हणाला, "बरबेडी. होय, येऊच नका. पाटी आहे तशीच राहणार."

कस्तुरी स्क्रीनकडे बघत होती. तिचा हातमोज्यातला हात प्रोबसकट छातीशी होता. "दाढ आतनं किडलीय हो तुमची," ती म्हणाली. "रूट कॅनॉल करावं लागणार."

दाढ किडल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल. माझ्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं आणि तोंड उघडं असल्यामुळे मला काही बोलताही येईना.

"कोण करणार, मॅडम?" यशोवर्धननं विचारलं.

"म्हणजे काय? मी करणार." तिनं नाक ओढलं आणि माझ्याकडे वळली. मी तिला काहीतरी सांगायला तोंड मिटत होतो, तोच ती खेकसली, "उघडं ठेवा की! अजून डावी बाजू राहिलीय."